नवसाचं गवत

१२ जून

बेल्मिरो,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर तू न उघडताच फेकून दिलं असतंस. पण ही फसवणूकच झाली, म्हणून आधी सांगून टाकते, मी दुल्से, तुझी बहीण. पुढे वाचायचं नसेल तर इथेच थांब. तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही आणि दुसरा मार्ग मला सुचला नाही.

विचारायचं आहे ते तुझ्या कामातलं आहे. घरासमोरचं गवत वाढलं की नगरपालिका दंडाची पावती देते, आणि मालकानं तरीही कापलं नाही तर कंत्राटदाराची माणसं पाठवून कापून घेते. म्हणजे तुम्हालाच पाठवते. पावतीनंतर साधारण किती दिवसांनी पाठवतात? आणि मालकानं पावतीविरुद्ध दाद मागितली असेल तर निकाल लागेपर्यंत थांबतात का? कार्यालयात विचारायची मला भीती वाटते. त्यांना वाटेल, आम्ही वेळ काढतोय. तसा आम्ही काढतोयच.

पावती आपल्या घराला मिळाली आहे. परवा एक माणूस पट्टी घेऊन आला. गवत वीस सेंटिमीटरच्या वर जाऊ नये असा नियम आहे, आपलं फाटकाच्या मधल्या गजाला टेकलंय. तो वाकून मोजत असताना आई दारात आली आणि मला म्हणाली, "शवपेटीचं माप घेतोय का हा? त्याला सांग, अजून वेळ आहे, आणि मी याहून रुंद आहे." मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. त्याच्याआधी टपालानं एक सूचनाही आली होती म्हणे. तिच्यात आईनं खारवलेला मासा गुंडाळून ठेवला होता, ते मला वासावरून कळलं.

आई थकली आणि मी आळशी, म्हणून गवत वाढलं असं तुला वाटलं तर वाटू दे. ती बरी आहे. डोळ्यांतला मोतीबिंदू वाढलाय, ऑपरेशन पुढे ढकलत असते.

दोन ओळींचं उत्तर पुरे. तुझ्या टॅमीच्या हातचं असलं तरी चालेल.

दुल्से

२१ जून

बेल्मिरो,

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही, पण खरं झाकून ठेवलं. तेव्हापासून औषधांच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गोळ्या मी पुन्हा पुन्हा तपासतेय, कालच मालक त्यावरून बोलले. म्हणून सगळं लिहिते.

गवत आळसानं वाढलेलं नाही. तो नवस आहे, आणि तुझ्यासाठी आहे.

ईस्टरच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्या बायका उभ्या होत्या. समोरच्या घरातली दोना लुबेलिया, तुला माहीतच आहे, या देशात यायच्या आधी बेटावर आईच्याच गल्लीत वाढलेली आणि तेव्हापासून आईवर टपलेली. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "इदालिना, तुझा बेल्मिरो काल शाळेसमोर दिसला. गावभराचं गवत कापतो गं पोरगा, तुझं तेवढं सोडून." बायका हसल्या. आई सगळ्यांत मोठ्यानं हसली. मग पर्स विसरले म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पर्स माझ्या हातात होती.

गाडीत बसल्यावर तिनं सांगितलं. बेल्मिरो आपणहून आपल्या फाटकातून आत पाऊल टाकेपर्यंत त्या गवताला पातं लागणार नाही. त्यानं टाकलं की ती गुडघ्यांवर चर्चला फेरी घालणार. मी म्हटलं, आई, गवताचा नवस कोण करतं, लोक केसांचा करतात. ती म्हणाली, "डोक्यावर उरलेत का? औषधांनी सगळे नेले. बोडकीनं नवस करायचा कशाचा?"

आईच्या मावशीची गोष्ट तुला आठवत असेल. मुलगा समुद्रावरून परत येईपर्यंत केसांना कात्री लावणार नाही, असं तिनं बोललेलं. ती तापात पडली असताना नणंदेनं उवा झाल्या म्हणून केस कापले आणि होडी परत आलीच नाही. मोडलेला नवस करणाऱ्यावर उलटत नाही, ज्याच्यासाठी केला त्याच्यावर उलटतो. आई हे असं सांगते जसं आपण दूध उतू जातं म्हणून सांगतो. माझा विश्वास नाही. पण रस्त्यात तुमच्या कंपनीचा ट्रक दिसला की तू आत धड बसलेला दिसेपर्यंत मी बघत राहते.

तीन वर्षांपूर्वी त्या सकाळी तू बाबांबरोबर कामावर गेला नाहीस, म्हणून ते एकटे छपरावर चढले, पडले आणि गेले. हे खरं आहे. आणि त्यांच्या शवपेटीवर हात ठेवून आई सगळ्यांसमोर तुझ्याकडे बघत म्हणाली, "माणूस उचलताना देवाची चूक झाली," तेही खरं आहे. तू घराची किल्ली पेटीवर ठेवलीस आणि निघून गेलास. ती उचलायची कुणाची हिंमत झाली नाही. बाबांबरोबर पुरली गेली. तुला हे कुणी सांगितलं नसेल.

तिनं ते वाक्य मागे घेतलेलं नाही. माफी तिला मागता येत नाही. गवत वाढवता येतं.

दुल्से

९ जुलै

बेल्मिरो,

पावतीविरुद्ध मी दाद मागितली आहे. पहिल्या टेबलावर नकार मिळाला, आता सुनावणी होईल.

कार्यालयातल्या खिडकीवर एक मुलगी होती, माझ्याच वयाची. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मधमाश्यांसाठी रानबाग ठेवलीय असं लिही ना. रानबागेला सूट असते. चार फुलझाडं खोच, एक पाटी लाव. सगळे तेच करतात." तिला मी आवडले असावे, किंवा तिला जेवायला जायचं असेल.

मी पाटी विकत घेतली. पिवळी आहे, वर हसणारी मधमाशी. बरेच दिवस ती गाडीत मागच्या सीटखाली होती. बाग लावली नसताना पाटी लावणं हे खोटं, आणि आधी झाडं लावून मग पाटी लावणं हे खरं, असं मी स्वतःला पटवून तीन रोपंही आणली. आईनं ती पाटी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, हे काय. मी सांगितलं. ती म्हणाली, "मी देवाला शब्द दिलाय, माशीला नाही." रोपं कुंडीतच सुकली.

रविवारी लुबेलिया भाताची खीर घेऊन आली. खीर नावाला, तिला गवत जवळून बघायचं होतं. म्हणाली, सापबीप निघतील गं. आई म्हणाली, "निघाले तर ओळखीचेच असतील, ये, बस." मग तिनं सरळच विचारलं, तक्रार तूच केलीस ना. लुबेलियानं चमचा खाली ठेवला. "मी कशाला करू? माझ्या खिडकीतून मला रोज फुकटचा तमाशा दिसतो. मुलगा फिरकत नाही म्हणून अंगण वाढवून बसलेली बाई आणखी कुठे बघायला मिळणार?" दोघींनी ती खीर शेवटपर्यंत खाल्ली. वर दालचिनी कमी पडलीय असं आई म्हणाली.

तू उत्तर दिलं नाहीस. पत्रं परतही आली नाहीत. म्हणजे तुझ्यापर्यंत पोचतात, एवढं मी धरून चालते.

दुल्से

६ ऑगस्ट

बेल्मिरो,

आज सुनावणी झाली. आपण हरलो.

सुनावणी घेणारे म्हातारे होते, सभ्य होते. आईला त्यांनी स्वतः उठून पाणी दिलं. दुभाषी म्हणून मी बसले आणि दोघांचं बोलणं जसंच्या तसं सांगेन अशी सही केली. लहानपणापासून बँकेत, दवाखान्यात, तुझ्या शाळेत मीच तर हे करत आले, पण सही आज पहिल्यांदा केली.

त्यांना आम्हाला सोडायचं होतं, हे मला दिसत होतं. त्यांनी नियमावलीतलं ते पान आपणहून उघडलं आणि विचारलं, ही मुद्दाम राखलेली रानबाग आहे का. मी आईला सांगितलं. आई ताठ बसली. म्हणाली, "त्याला सांग, बाग नाही. मी काही लावलेलं नाही. मुलगा येईपर्यंत पातं लावणार नाही असं मी देवाला बोललेय."

त्या खोलीत त्यांना आमची भाषा येत नव्हती आणि तिला त्यांची येत नव्हती. मधे फक्त मी होते. मी शब्दाला शब्द सांगितला.

त्यांनी पान मिटलं. मग विचारलं, मुलगा परदेशात असतो का. आई म्हणाली, नाही, इथेच, तळ्याच्या पलीकडे, गाडीनं गेलं तर भाकरी गरम राहते. काय करतो? "गवत कापतो," आई म्हणाली. मी तेही सांगितलं. त्यांना हसू आलं, मग त्यांनी माझी माफी मागितली, आईची नाही. म्हणाले, श्रद्धेचा मला आदर आहे, पण गाडीत बसून जे वाट बघणं संपू शकतं ते शहरानं किती दिवस बघत राहायचं? पंधरवड्यात कापा, नाहीतर नगरपालिका कापून घेईल.

जिन्यावर आईनं माझा दंड धरला होता. मला वाटलं तोल सांभाळायला. ती म्हणाली, "छान. बाबांनी तुझ्या शाळेसाठी छपरं झिजवली ती यासाठी."

मी म्हटलं, आई, तूच सांगितलंस, त्याला सांग म्हणून.

"मी देवाला ऐकू जावं म्हणून बोलले. त्या माणसाला काय सांगायचं ते तुझं काम होतं. एवढी शिकलीस आणि एवढंही कळलं नाही?"

घरी जेवायला बसताना तिनं नेहमीसारखं तुझं ताट मांडलं. माझं मांडलं नाही. मी स्वतः घेतलं.

दुल्से

१४ ऑगस्ट

बेल्मिरो,

हे पत्र नीट वाच. मी काही मोठं मागत नाहीये.

तू घरात येऊ नकोस. आईशी बोलू नकोस. माफी मागू नकोस, ऐकूनही घेऊ नकोस. फक्त फाटकातून एक पाऊल आत टाक. जाता जाता, कामाच्या कपड्यांत, ट्रक चालू ठेवून. मी फाटक दोरीनं बांधून उघडं ठेवलंय, तुला कडीलाही हात लावावा लागणार नाही. मी खिडकीत असेन. मी बघितलं की पुरे, आईचा माझ्या शब्दावर विश्वास आहे, तेवढाच एक माझा उपयोग तिला वाटतो. पाऊल टाकलं की नवस फिटला, मग ज्याला यायचं त्यानं येऊन गवत कापावं.

आणि तेही जमणार नसेल, तर तुझ्या साहेबाला सांग की या पत्त्यावर दुसऱ्याला पाठवा. तिचा समज आहे की पातं आधी लागलं तर ते तुझ्यावर येईल. ते पातं तुझ्याच हातात असलं तर काय होतं, हे तिच्या बेटावरही कुणाला माहीत नसेल.

तिनं काळा रेशमी झगा काढून ठेवलाय. सकाळी तो घालते आणि खिडकीत बसते. मोतीबिंदूमुळे तिला फाटकाशी माणूस उभा आहे की खांब ते कळत नाही, म्हणून मला विचारत राहते. पाववाला आला तरी विचारते.

लुबेलिया समोरून खुर्ची बाहेर काढून बसते. उन्हासाठी, म्हणते.

दुल्से

२६ ऑगस्ट

बेल्मिरो,

तू पत्रं वाचलीस हे मला आज कळलं.

ट्रक थांबला तेव्हा आईनं विचारलं, कोण. मी म्हटलं, बेल्मिरो. तिनं झग्याच्या चुण्या सरळ केल्या आणि ओट्यावरचा गोड पाव फडक्यात गुंडाळायला लागली. सकाळीच भाजला होता. रोजच भाजत होती.

तुझ्याबरोबरच्या माणसानं मशीन उतरवलं आणि तो फाटकाकडे निघाला. तू त्याला थांबवलंस. मशीन त्याच्या हातातून घेतलंस. मला वाटलं, देवा, यानं वाचलंय, हा आता मशीन रस्त्यात ठेवून आत येणार. तू ते रस्त्यावरच सुरू केलंस. फाटकापाशी येऊन थांबलास. खाली उंबऱ्याच्या फरशीकडे बघितलंस, मग मान वर करून खिडकीकडे. आई उभी होती. तुला ती दिसली, तिला तू दिसला नाहीस, नुसता आवाज.

मग तू मशीन पुढे ढकललंस. खांबाजवळचा उंच झुपका कापला गेला तेव्हा तुझे बूट फुटपाथवर होते. दोन्ही. मी बघितले.

त्यानंतर तू आत आलास. बाबांनी शिकवलं होतं तसं आधी कडेकडेनं, मग मधलं. अंगणातल्या देवमातेच्या मूर्तीभोवतीचं आई कात्रीनं कापायची, तिथेही तू मशीन घातलंस. आई पाव घेऊन पायरीवर आली. तू कानांवरची आवाज अडवणारी झाकणं काढली नाहीस. कापलेलं गवत उडून तिच्या झग्यावर, फडक्यावर पडत होतं आणि ती आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवत होती. तू या टोकाला गेलास की इकडे, त्या टोकाला गेलास की तिकडे. समोर लुबेलियासुद्धा खुर्चीतून उठून आत गेली.

ट्रक गेल्यावर आई पायरीवरच खाली बसली. पाव मांडीवर. मला जवळ बोलावलं. माझा हात धरला, जिन्यावर धरला होता तसा, आणि विचारलं, "तू बघितलंस. आधी काय आत आलं? पाऊल की पातं?"

मी काय सांगितलं ते तुला कळायचं कारण नाही.

दुल्से

१९ सप्टेंबर

बेल्मिरो,

काल टॅमीचा दुकानात फोन आला. त्या दिवसापासून तू नीट जेवत नाहीस म्हणाली. ट्रकमध्ये बसून माझी पत्रं पुन्हा वाचतोस म्हणाली. येत्या रविवारी तुला यायचंय, जेवायला नाही, नुसतं दारापर्यंत. आई घरात घेईल का असं तिनं विचारलं. चांगली बाई आहे, रडत होती. मी सांगितलं, कळवते.

येऊ नकोस.

मी आईला सांगितलं होतं, पाऊल. तू मशीन मागे ठेवून आधी आत आलास, फरशीवर उभा राहिलास, मग ओढून घेतलंस. इतकं सविस्तर मला कसं सुचलं माहीत नाही. ती माझा चेहरा चाचपत होती. मग म्हणाली, "तू म्हणतेस म्हणजे तसंच." आणि तो पाव तोडून अर्धा मला दिला. गवतासकट आम्ही तो खाल्ला.

मातेच्या सणाला तिनं चर्चला फेरी घातली. सगळं गाव होतं. मी गुडघ्यांना बांधायला कापड नेलं होतं, ते तिनं भिरकावलं. मी हात धरून शेजारून चालत होते. मागच्या बाजूला खडी टाकलीय, तिथे तिचे गुडघे फाटले. मला वाटलं आता सांगावं, आई ऊठ, यातलं काही झालेलं नाही. प्रत्येक हातभर अंतरावर वाटलं. सांगितलं असतं तर ती उठली असती आणि तुझ्या नावानं रडायला लागली असती, जिवंत माणसाच्या नावानं. मी तिचा हात तेवढा घट्ट धरून ठेवला. पायऱ्यांपाशी लुबेलियाही उभी होती. आईनं तिच्यासमोर थांबून, गुडघ्यांवरच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पेटीपाशी मी म्हणाले होते, देवाची चूक झाली. चूक माझी होती. देवानं माझ्यासाठी एक ठेवला, मीच मोजला नाही."

ते तुला कळवावं असं ती म्हणाली नाही. मी कळवतेय. तीन वर्षं तुला हवं होतं ते हेच, आणि ते तिनं तू तिथे नसताना दिलं.

उजव्या गुडघ्यात पू झालाय. डॉक्टर म्हणतात, आता काठीशिवाय चालणार नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. ती खूश आहे, बेल्मिरो. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, मुलगा येऊन गेला, कामात होता म्हणून थांबला नाही, पण आला. तुझं ताट मांडत नाही. खिडकीत बसत नाही. झगा नाफ्थलीनच्या गोळ्या घालून पेटीत ठेवला. गवत आता मी कापते, शनिवारी, नियमात बसेल इतकं.

तू आलास तर ती सगळ्यांत आधी तेच विचारेल. तुझ्या तोंडून ऐकायला तिला आवडेल म्हणून विचारेल, संशयानं नाही. फाटकात कसा आलास रे, सांग ना. तू म्हणशील, मीही पाऊलच सांगेन. पण तुला ते जमणार नाही. शाळा बुडवलीस, पैसे उचललेस, त्या सकाळी अंगात ताप आहे म्हणालास, प्रत्येक वेळी तिनं नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं. माझ्या आवाजात तिनं आजवर खोटं ऐकलेलंच नव्हतं, म्हणून माझं चालून गेलं. पुन्हा चालणार नाही.

आणि तिला कळलं, तर त्या खडीवरची फेरी आणि ते पायऱ्यांपाशी बोललेलं, सगळंच वाया गेलं असं ती धरेल. मग ती पुन्हा नवस करेल. आता तिच्याजवळ कापायचं थांबवण्यासारखं काही उरलेलं नाही. ती काय देईल ते मला बघायचं नाही.

तू मशीन पुढे ढकललंस तेव्हा तुला वाटलं असेल, एकदाची तिला शिक्षा झाली. तिला झालीच नाही. मी होऊ दिली नाही.

टॅमीला सांग, तिचा फोन आला होता हे मी आईला सांगितलेलं नाही. रविवारी चर्चला जाताना मी फाटकाला कुलूप लावणार आहे. त्याची किल्ली एकच आहे, माझ्याकडे.

दुल्से